निवासी आरव्ही (अमेरिका)

रिक्रिएशनल व्हेईकल, संक्षेपाने आरव्ही, हे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बहुधा स्नान व शौचाची सोय असलेले वाहन किंवा वाहनामागे ओढून नेण्याचा ट्रेलर होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशी वाहने मुख्यतः सुटीतील सहलींसाठी बनवली जातात. परंतु काही लोक राहते घर विकून किंवा भाड्याचे घर सोडून त्यांत बारमाही राहतात. त्यांना तेथे 'फुल-टायमर' म्हणतात. निवृत्त जोडपी, कामानिमित्त गावोगाव फिरणारे परिचारक आणि बांधकाम-कामगार, घरूनच नोकरी करणारे तरुण, तसेच घरभाडे परवडेनासे झालेली माणसे अशा निरनिराळ्या थरांतील लोकांचा त्यांत समावेश होतो. प्रस्तुत लेखात निवासासाठी प्रथमच आरव्ही विकत घेणाऱ्यास विचारात घ्याव्या लागणाऱ्या बाबींची माहिती दिली आहे.

मराठीत या वाहनाला सर्वमान्य प्रतिशब्द नाही. 'मनोरंजन वाहन' हे शब्दशः भाषांतर दिशाभूल करणारे आहे. 'फिरते घर' हा शब्द जवळचा असला तरी कायद्याच्या दृष्टीने आरव्ही हे घर नसते, हीच या विषयातील मुख्य अडचण आहे. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मात्र या राहणीला चपखल लागू पडते. मराठी वाचकाने पाहिलेल्या वाहनांपैकी चित्रपटसृष्टीतील व्हॅनिटी व्हॅन हे आरव्हीच्या सर्वांत जवळचे उदाहरण होय.

इतिहास

पिअर्स-ॲरो कंपनीने १९१० मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात मांडलेली 'टूरिंग लँडॉ' ही मोटार आरव्हीच्या आद्य नमुन्यांपैकी एक मानली जाते. तिची मागील बैठक उलगडली की बिछाना होत असे. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही मोटारीतून मुक्काम करीत फिरणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. वॉली बायम यांनी १९३१ मध्ये एअरस्ट्रीम कंपनी सुरू केली. तिचे ॲल्युमिनियमचे चकचकीत गोलाकार ट्रेलर आजही तयार होतात. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या अंतराळवीरांना ज्या फिरत्या विलगीकरण कक्षात ठेवण्यात आले, तो याच कंपनीच्या ट्रेलरमध्ये फेरफार करून बनवलेला होता. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथील विनेबागो कंपनीने १९६६ पासून मोटरहोमचे उत्पादन सुरू केले आणि तुलनेने कमी किमतीमुळे ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली.

सध्या या उद्योगाचे केंद्र इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे आहे. देशातील बहुतांश आरव्ही या गावात व त्याच्या परिसरात तयार होतात. बाजारात नाममुद्रा असंख्य दिसत असल्या तरी त्यांतील बऱ्याचशा थॉर इंडस्ट्रीज, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबागो या तीन समूहांच्या मालकीच्या आहेत. एअरस्ट्रीम १९८० पासून थॉरकडे आहे, तर फॉरेस्ट रिव्हर २००५ पासून बर्कशायर हॅथवेच्या ताब्यात आहे. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या ट्रेलरांत एकाच पुरवठादाराची शेगडी, तोच आस आणि तोच पाण्याचा पंप आढळणे नित्याचे आहे. केवळ नावावरून निवड करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

कोविड-१९ साथीच्या काळात मागणी एकाएकी वाढली. २०२१ मध्ये कारखान्यांतून विक्रेत्यांकडे सहा लाखांहून अधिक आरव्ही गेल्या; २०२३ मध्ये हा आकडा तीन लाख तेरा हजारांच्या आसपास उतरला. तेजीच्या काळात घाईने जोडलेली पुष्कळ वाहने आता जुन्या बाजारात विक्रीस आहेत. ती सरसकट वाईट नाहीत, पण या वर्षांतील वाहन घेताना तपासणी अधिक काटेकोर असावी, असा अनुभवी मालकांचा सर्वसाधारण सल्ला असतो.

कायदेशीर स्वरूप

कारखान्यात तयार होणाऱ्या घरांसाठी अमेरिकेच्या संघीय गृहनिर्माण व नागरी विकास खात्याची स्वतंत्र संहिता १५ जून १९७६ पासून लागू आहे. आरव्हीला या संहितेतून सूट आहे. २०१८ मध्ये या खात्याने काढलेल्या नियमानुसार ही सूट ज्या वाहनांना मिळते, त्यांची व्याख्याच मुळी केवळ मनोरंजनाच्या वापरासाठी बनवलेली, मुख्य निवास किंवा कायम वास्तव्यासाठी नसलेली वाहने अशी आहे. त्यांची बांधणी एनएफपीए ११९२ या मानकानुसार होते. वायुगळती, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड यांची सूचना देणारी यंत्रे व आणीबाणीत बाहेर पडण्याची खिडकी या मानकाने आवश्यक ठरवली आहे. परंतु भिंती किती जाड असाव्यात किंवा वाहन किती वर्षे टिकावे, याविषयी घराच्या तोडीची अपेक्षा त्यात नाही.

या व्याख्येचे परिणाम खरेदीदाराला निरनिराळ्या ठिकाणी भोगावे लागतात. अनेक उत्पादकांच्या हमीपत्रात बारमाही निवासासाठी वापर झाल्यास हमी लागू राहणार नाही किंवा मर्यादित राहील, असे कलम असते. हे कलम पुस्तिकेच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत असते आणि विक्रेता ते स्वतःहून दाखवीलच असे नाही. म्हणून सौदा पक्का होण्यापूर्वी हमीपत्राची संपूर्ण प्रत मागून घेऊन वाचणे हे पहिल्या खरेदीदाराचे पहिले काम होय. ज्याने आपले घर विकून सर्व पुंजी या वाहनात घातली आहे, त्याच्या दृष्टीने हे एक कलम आतील सजावटीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

सदोष वाहन परत घेण्याविषयीचे जे कायदे राज्याराज्यांत आहेत, त्यांतील अनेकांच्या कक्षेत आरव्हीचा निवासी भाग येत नाही. काही ठिकाणी फक्त इंजिन व सांगाडा येतो. स्वतःच्या मालकीच्या भूखंडावरही आरव्ही उभी करून तीत कायम राहण्यास पुष्कळ नगरपालिका व कौंटी मनाई करतात. कर्ज देणाऱ्या काही संस्था बारमाही निवासासाठी कर्ज नाकारतात. वापराचा हेतू लपवून कर्ज अथवा विमा घेतल्यास पुढे दावा फेटाळला जाण्याचा धोका असतो. याउलट आयकराच्या बाबतीत मात्र झोपणे, स्वयंपाक आणि शौचाची सोय असलेली आरव्ही घर म्हणून गणली जाऊ शकते व पात्र करदात्यास कर्जाच्या व्याजाची वजावट मिळू शकते. एका खात्याच्या लेखी वाहन आणि दुसऱ्याच्या लेखी घर, असा हा प्रकार आहे.

प्रकार

स्वतःचे इंजिन असलेल्या आरव्हीला मोटरहोम म्हणतात. तिचे तीन वर्ग रूढ आहेत. क्लास ए ही बसच्या आकाराची असते; तिच्यातील पेट्रोलवर चालणारी वाहने बहुधा फोर्डच्या सांगाड्यावर, तर मागे डिझेल इंजिन असलेली महागडी वाहने फ्रेटलायनर किंवा स्पार्टनच्या सांगाड्यावर बांधलेली असतात. क्लास बी म्हणजे फोर्ड ट्रान्झिट, रॅम प्रोमास्टर किंवा मर्सिडीज स्प्रिंटर यांसारख्या व्हॅनच्या आत केलेली राहण्याची सोय. क्लास सी मध्ये ट्रकच्या चालककक्षामागे खोली जोडलेली असून कक्षाच्या छतावर पुढे आलेला बिछाना असतो. नावांचा क्रम आकाराच्या क्रमाशी जुळत नाही, कारण बी ही सी पेक्षा लहान असते. नवख्या खरेदीदाराचा येथे हमखास गोंधळ होतो.

ओढून नेण्याच्या प्रकारांत ट्रॅव्हल ट्रेलर आणि फिफ्थ व्हील हे दोन प्रमुख होत. ट्रॅव्हल ट्रेलर वाहनाच्या मागील गोळ्याला जोडला जातो. फिफ्थ व्हीलचा पुढचा भाग पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडावर टेकतो. त्यामुळे तो रस्त्यावर अधिक स्थिर चालतो, शिवाय आत उंची व सामान ठेवण्याची जागा जास्त मिळते. बारमाही राहणाऱ्यांत फिफ्थ व्हील लोकप्रिय असण्याचे हेच कारण आहे. याखेरीज पिकअपच्या हौद्यावर ठेवण्याचा ट्रक कॅम्पर, घडी होणारा पॉप-अप आणि मागील भागात मोटारसायकल वगैरे ठेवण्याची जागा असलेला टॉय हॉलर हेही प्रकार आहेत. टॉय हॉलरचा तो मागील भाग काही लोक कार्यालय म्हणून वापरतात.

मोटरहोम आणि ट्रेलर यांतील निवड ही मुख्यतः फिरण्याच्या वारंवारतेवर अवलंबून असते. दर दोन-तीन दिवसांनी मुक्काम हलवणाऱ्यास मोटरहोम सोयीची. एका जागी महिनोन्‌महिने राहणाऱ्यास ट्रेलर. मोटरहोमचे इंजिन बिघडले तर वाहनाबरोबर घरही दुरुस्तीशाळेत जाते आणि कुटुंबाला हॉटेलचा आश्रय घ्यावा लागतो. ट्रेलरवाल्याचा ट्रक दुरुस्तीला गेला तरी घर जागेवर राहते. ही गोष्ट सांगितली जाईपर्यंत सहसा लक्षात येत नाही.

लांबीचाही विचार लागतो. राष्ट्रीय व राज्य उद्यानांतील अनेक जुन्या तळांवर लांब वाहनांना जागा मिळत नाही. वाहनपरवान्याचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात ४० फुटांपेक्षा लांब मोटरहोम चालवण्यास वरच्या वर्गाचा अव्यावसायिक परवाना लागतो.

वजनाचे गणित

पहिल्या खरेदीत होणारी सर्वांत महागडी आणि प्रसंगी जिवावर बेतणारी चूक वजनाची असते. वाहन किती 'ओढू शकते' हा आकडा जाहिरातीत ठळकपणे छापलेला असतो, परंतु प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याआधी दुसरीच मर्यादा ओलांडली जाते. ती म्हणजे ट्रकची स्वतःवर भार वाहण्याची क्षमता, ज्याला पेलोड म्हणतात. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पिवळ्या पट्टीवर हा आकडा त्या विशिष्ट वाहनासाठी छापलेला असतो. त्याच प्रतिकृतीच्या दोन ट्रकांचे आकडेही आतील सोयींनुसार वेगळे असू शकतात.

ट्रेलरचे कारखान्यातून निघतानाचे रिकामे वजन आणि सर्व सामानासह अनुज्ञेय असलेले कमाल वजन हे दोन वेगळे आकडे असतात. त्यांतील फरक म्हणजे सामानासाठी उरलेली मर्यादा. समजा, एका ट्रेलरचे रिकामे वजन ६,५०० पौंड, म्हणजे सुमारे २,९५० किलो, आणि कमाल वजन ८,००० पौंड, म्हणजे सुमारे ३,६३० किलो आहे. सामानासाठी १,५०० पौंड उरले. एक अमेरिकन गॅलन पाण्याचे वजन ८.३४ पौंड असते. ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड तेथेच गेले. वर बॅटऱ्या, भांडीकुंडी, कपडे, अवजारे, पुस्तके, बारा महिन्यांचे सामान. सहलीला जाणाऱ्यास पुरणारी ही मर्यादा संसार मांडणाऱ्यास पुरत नाही.

आता ट्रककडे पाहू. ट्रॅव्हल ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडाच्या टोकावर यावा लागतो. तो कमी पडला तर ट्रेलर मागे डोलू लागतो आणि वेगात असताना हे डोलणे आवरणे कठीण असते. ८,००० पौंडांच्या साडेबारा टक्के म्हणजे १,००० पौंड. हा सारा भार ट्रकच्या पेलोडमधून वजा होतो. वजन विभागणाऱ्या जोडाचे सुमारे १०० पौंड, नवरा-बायकोचे मिळून ३२० पौंड. ट्रकचा पेलोड १,५०० पौंड असेल तर शिल्लक राहिले ८० पौंड. कुत्रा, टूलबॉक्स आणि मागच्या बैठकीवरील दोन पिशव्या यांतच ते संपतात. जाहिरातीत मात्र हाच ट्रक १०,००० पौंड ओढू शकतो असे लिहिलेले असू शकते, आणि ते खोटेही नसते.

फिफ्थ व्हीलच्या बाबतीत ट्रकवर येणारा भार आणखी मोठा, साधारणतः १५ ते २५ टक्के असतो. १४,००० पौंडांच्या फिफ्थ व्हीलचा वीस टक्के भार २,८०० पौंड, म्हणजे सुमारे १,२७० किलो होतो. त्यासाठी एक टन वर्गाचा, बहुधा मागे चार चाके असलेला ट्रक लागतो. यास्तव आधी राहण्याजोगा ट्रेलर निश्चित करून मग त्याला पेलणारा ट्रक घ्यावा, हा क्रम योग्य. ज्याच्याकडे ट्रक आधीच आहे त्याने ट्रकच्या मर्यादेत बसणारा ट्रेलर शोधावा आणि विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. महामार्गांवरील ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात. तेथे अल्प शुल्कात प्रत्येक आसावरील वजन छापील पावतीवर मिळते. सामान भरून झाल्यावर एकदा काट्यावर गेल्यास तर्कवितर्कांना जागा उरत नाही.

टायर हा याच प्रकरणाचा भाग आहे. त्यांवर 'डॉट' या अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकातील शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दाखवतात. २३२१ म्हणजे २०२१ मधील तेविसावा आठवडा. आरव्ही बराच काळ उन्हात उभी राहत असल्याने टायरची नक्षी झिजण्याआधीच रबर निकामी होते. नक्षी कोरी दिसली तरी पाच ते सात वर्षांनंतर ट्रेलरचे टायर बदलावेत असे मानले जाते.

बांधणी आणि गळती

आरव्हीचा खरा शत्रू पाणी आहे. रस्त्यावर धावताना सगळा सांगाडा हलत राहतो, सांधे उघडतात आणि छतावरील हवाझरोके, वातानुकूलन यंत्र, शिडी यांच्या कडेने पावसाचे पाणी आत शिरते. ते भिंतीच्या आत मुरते, लाकडी चौकट कुजते आणि बाहेरून काही दिसू लागेपर्यंत दुरुस्तीचा खर्च वाहनाच्या किमतीच्या घरात गेलेला असतो.

स्वस्त ट्रेलरांत लाकडी चौकटीवर ॲल्युमिनियमचा पन्हळी पत्रा असतो. त्याहून महाग ट्रेलरांत फायबरग्लासचा पत्रा, फोम व पातळ फळी एकत्र चिकटवून भिंत बनवतात. तीत पाणी शिरल्यास थर सुटतात व पृष्ठभागावर फुगवटे दिसतात. असे फुगवटे असलेले वाहन कितीही स्वस्त मिळाले तरी नवख्या माणसाने घेऊ नये. तिसरा प्रकार साच्यात ओतलेल्या फायबरग्लासच्या दोन अर्ध्या कवचांचा. मिनेसोटातील स्कॅम्प, टेक्ससमधील कॅसिटा हे त्याचे प्रसिद्ध उत्पादक होत. त्यात सांधे अगदी थोडे असल्याने गळती कमी होते व जुन्या वाहनालाही चांगली किंमत येते. मात्र ते आकाराने लहान असतात.

बाजूला सरकून बाहेर येणाऱ्या खोलीला स्लाइड-आउट म्हणतात. तिच्यामुळे आतील जागा एकदम प्रशस्त वाटते आणि प्रदर्शनात खरेदीदार तेथेच भुलतो. परंतु प्रत्येक स्लाइड म्हणजे एक मोटर, एक यंत्रणा आणि भिंतीला पाडलेले एक मोठे भोक. पाहणी करताना स्लाइड आत ओढून घेण्यास सांगावे. ती मिटलेली असताना शौचकूप, फ्रिज व बिछाना यांपर्यंत जाता येते की नाही हे पाहावे. वाटेत थांबून डबा खायचा झाल्यास याचे महत्त्व कळते.

जुने वाहन पाहताना छतावर चढून सांध्यांतील लांबी तपासणे, बिछान्याच्या वरचे कोपरे व कपाटांच्या आतील भाग हाताने दाबून पाहणे, जमीन कोठे दबते काय याकडे लक्ष देणे आणि ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र बरोबर नेणे उपयुक्त ठरते. कुबट वास लपवण्यासाठी सुगंधी फवारा मारला असल्यास तो स्वतःच एक सूचना समजावी.

बंदिस्त जागेतील हवेचा प्रश्नही गंभीर आहे. २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने बेघर झालेल्या कुटुंबांना ट्रेलर पुरवले. त्यांत राहणाऱ्यांनी श्वसनाच्या तक्रारी केल्या आणि २००८ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी चाचण्यांत अनेक ट्रेलरांत फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण नेहमीच्या घरांहून जास्त आढळले. हा वायू दाबून बनवलेल्या लाकडी फळ्यांतील डिंकातून निघतो. त्यानंतर अशा फळ्यांसाठी संघीय मर्यादा लागू झाल्या आहेत. तरीही नव्या वाहनात काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवणे इष्ट. आठवड्याची सहल करणारा आणि वर्षभर तेथेच झोपणारा यांच्यात हा फरक मोठा आहे.

पाणी, वीज आणि उष्णता

आरव्हीत साधारणतः तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, स्नान व भांड्यांच्या सांडपाण्याची आणि मैल्याची. जोडणी नसलेल्या ठिकाणी मुक्काम किती दिवस टिकेल हे बहुधा सांडपाण्याची टाकी ठरवते, कारण तीच प्रथम भरते. मैल्याची टाकी ठरावीक केंद्रांवर नळीने रिकामी करावी लागते. हे काम कोणालाही आवडत नाही, पण ते टाळता येत नाही आणि खरेदीपूर्वी पती-पत्नीपैकी कोण ते करणार हे ठरलेले बरे.

तळांवरील वीजजोडणी ३० किंवा ५० अँपिअरची असते. नाव पाहता फरक दुपटीहून कमी वाटतो. प्रत्यक्षात ३० अँपिअरची जोडणी १२० व्होल्टची एकच तार देते व तिच्यावर ३,६०० वॅट मिळतात, तर ५० अँपिअरच्या जोडणीत अशा दोन तारा असल्याने १२,००० वॅट मिळतात. उष्ण प्रदेशात दोन वातानुकूलन यंत्रे चालवायची असतील तर दुसरीच जोडणी हवी. जोडणीविना राहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १,२०० वॅट-तास ऊर्जा मावते. छतावरील वातानुकूलन यंत्र ती तासाभराच्या आत संपवील. सौर पट्ट्यांवर दिवे, पंखे, संगणक व फ्रिज सहज चालतात. थंड हवा ही गोष्ट वेगळी.

स्वयंपाक, पाणी तापवणे आणि खोली उबदार ठेवणे यांसाठी प्रोपेन वायू वापरला जातो. जुन्या पद्धतीचा वायूवर चालणारा फ्रिज वाहन समतल उभे नसेल तर बिघडतो. अलीकडे १२ व्होल्टवर चालणारे फ्रिज रूढ झाले आहेत. 'चारही ऋतूंसाठी' असे शब्द अनेक उत्पादक वापरतात, पण त्यांना ठरावीक कायदेशीर अर्थ नाही. टाक्या व नळ बंदिस्त आणि उबदार तळघरात आहेत काय, खिडक्यांना दुहेरी काच आहे काय, हे प्रत्यक्ष पाहावे. हिवाळ्यात श्वास व स्वयंपाकाची वाफ थंड भिंतींवर जमून गादीखाली बुरशी धरते. म्हणूनच बहुसंख्य फुल-टायमर ऋतूनुसार दक्षिणेकडे सरकतात.

किंमत, कर्ज आणि तपासणी

नव्या आरव्हीची किंमत पहिल्या काही वर्षांत वेगाने घसरते. दुसरीकडे तिच्यासाठी दहा ते वीस वर्षांच्या मुदतीची कर्जे मिळतात. मासिक हप्ता लहान दिसतो, पण अनेक वर्षे कर्जाची बाकी वाहनाच्या बाजारभावाहून अधिक राहते. दोन वर्षांत ही राहणी मानवत नाही असे आढळले तर वाहन विकूनही पदरचे पैसे भरावे लागतात. घराप्रमाणे याची किंमत वाढेल ही अपेक्षा सर्वस्वी चुकीची होय. चार-पाच वर्षे जुने, नीट सांभाळलेले वाहन घेणे पहिल्या खरेदीदारास सामान्यतः अधिक हिताचे ठरते. सुरुवातीचे दोष आधीच्या मालकाने दुरुस्त करून घेतलेले असतात आणि घसरणीचा मोठा टप्पा संपलेला असतो.

त्याआधी एक-दोन आठवड्यांसाठी भाड्याने आरव्ही घेऊन राहून पाहण्याचा मार्ग आहे. क्रूझ अमेरिकासारख्या कंपन्या मोटरहोम भाड्याने देतात, तर आउटडोर्सी व आरव्हीशेअर यांच्यामार्फत खाजगी मालकांची वाहने मिळतात. ही चाचणी सुटीच्या थाटात न करता नेहमीचे काम, कपडे धुणे आणि एक पावसाळी दिवस यांसह झाल्यास तिचा उपयोग होतो. प्रदर्शनातील वाहनातही नुसते फिरून येऊ नये: बिछान्यावर आडवे व्हावे, बंद दाराच्या न्हाणीघरात उभे राहून हात वर करावेत, ओट्यावर पोळपाट ठेवायला जागा उरते का ते पाहावे.

खरेदी ठरल्यावर स्वतंत्र तपासनीस नेमणे श्रेयस्कर असते. राष्ट्रीय आरव्ही तपासनीस संघटनेचे प्रमाणित तपासनीस छत, वायुजोडणी, वीज, टाक्या, आस व टायर यांची पाहणी करून छायाचित्रांसह अहवाल देतात. त्यांचे शुल्क काही शे डॉलरांपासून पुढे असते. नव्या वाहनाचीही तपासणी करावी, हे अनेकांना पटत नाही. परंतु नव्या वाहनातील गळके नळ व उलट्या जोडलेल्या तारा यांविषयीच्या तक्रारी सर्वश्रुत आहेत. ताबा घेण्याच्या दिवशी पाणी भरून, वायू सुरू करून, वीज जोडून प्रत्येक उपकरण चालवून पाहिल्याशिवाय अंतिम रक्कम देऊ नये. वाहनाच्या ओळख क्रमांकावरून सुरक्षेच्या कारणास्तव परत मागवणीच्या सूचना निघाल्या आहेत काय, हे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे विनामूल्य पाहता येते.

पत्ता, विमा आणि मुक्काम

घर सोडल्यावर कायमचा पत्ता उरत नाही, आणि पत्त्याविना वाहनपरवाना, मतदान, बँक व आरोग्यविमा यांपैकी काहीच होत नाही. त्यामुळे फुल-टायमर बहुधा टेक्सस, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा या राज्यांपैकी एकाला कायदेशीर निवासस्थान करतात. या तिन्ही राज्यांत राज्य पातळीवरील वैयक्तिक आयकर नाही. टेक्ससमधील लिव्हिंगस्टन येथे मुख्यालय असलेला आणि १९७८ मध्ये स्थापन झालेला एस्केपीज हा आरव्हीधारकांचा क्लब सभासदांना टपालाचा पत्ता पुरवून पत्रे पुढे पाठवतो. वृद्ध खरेदीदारांनी आरोग्यविम्याचे जाळे निवडलेल्या राज्याबाहेर किती चालते याची चौकशी वाहन घेण्याआधी करावी. वाहनविमाही बारमाही निवासाचा घ्यावा लागतो. साध्या विम्यात आतील चीजवस्तू आणि पाहुण्यास झालेली इजा यांना संरक्षण नसते.

मुक्कामासाठी खाजगी आरव्ही पार्क, राज्य व राष्ट्रीय उद्याने आणि सार्वजनिक जमिनी असे पर्याय आहेत. काही खाजगी पार्क दहा वर्षांहून जुन्या वाहनांना प्रवेश देत नाहीत. पश्चिमेकडील राज्यांत ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या मोकळ्या जमिनींवर सामान्यतः २८ दिवसांच्या कालावधीत १४ दिवस विनाशुल्क राहता येते. ॲरिझोनातील क्वार्टझाइट गावाजवळच्या दीर्घ मुक्काम क्षेत्रांत शुल्क भरून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा पूर्ण हंगाम काढता येतो. हिवाळ्यात या वाळवंटात आरव्हींचे अक्षरशः गाव वसते.

साहित्य आणि चित्रपट

जॉन स्टाइनबेक यांनी १९६० मध्ये ट्रकवर बसवलेल्या कॅम्परमधून कुत्र्यासह देशभर प्रवास केला व त्यावर 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचा तो 'रोसिनान्टे' नावाचा कॅम्पर कॅलिफोर्नियातील सॅलिनस येथील नॅशनल स्टाइनबेक सेंटरमध्ये जतन केलेला आहे. १९५४ च्या 'द लाँग, लाँग ट्रेलर' या विनोदी चित्रपटात नवविवाहित जोडपे हौसेने मोठा ट्रेलर विकत घेते आणि नायिका वाटेत दगड गोळा करून तो इतका जड करते की डोंगरी रस्त्यावर प्राणावर बेतते. वरील वजनाच्या गणिताचे याहून रंजक उदाहरण नाही. जेसिका ब्रूडर यांच्या 'नोमॅडलँड' (२०१७) या पुस्तकात मंदीनंतर घर गमावून व्हॅन व ट्रेलरांत राहणाऱ्या, हंगामी मजुरी करणाऱ्या वयस्क अमेरिकनांचे चित्रण आहे. त्यावरील क्लोई झाओ दिग्दर्शित चित्रपटाला २०२१ च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. निवासी आरव्ही ही सर्वांच्याच बाबतीत हौस नसते, हे या पुस्तकामुळे व्यापक वाचकवर्गापर्यंत पोहोचले.

भारतातील स्थिती

भारतात अशा वाहनांना 'मोटार कॅराव्हॅन' किंवा नुसते 'कॅराव्हॅन' म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले असून त्यात कॅराव्हॅन आणि त्या उभ्या करण्याचे तळ या दोन्हींचा विचार आहे. येथील वापर मात्र पर्यटनापुरता व मुख्यतः भाडेतत्त्वावर आहे. बारमाही निवासासाठी लागणारी मैला रिकामा करण्याची केंद्रे व वीजजोडणीचे तळ यांचे अमेरिकेसारखे जाळे भारतात अद्याप नाही.